सोळा रिळांचं तमिळ

दोन हजार तेवीस साली मी एकोणऐंशी वर्षांचा होतो आणि मला तमिळ येत होतं. यातली पहिली गोष्ट माझ्या पासपोर्टावर छापलेली आहे. दुसरी मीच सांगत आलो, आणि तिच्यावर आमच्या घरात पन्नास वर्षांत कोणी शंका घेतली नाही. शंका घ्यायला तमिळ येणारं माणूस लागतं, आणि तसं आमच्यात कोणी नव्हतं.

माझं शिक्षण चौथी. चौथी म्हणजे चौथीत बसलो होतो. पास झालो की नाही ते ठाऊक नाही, कारण निकालाच्या दिवशी मी नदीवर होतो. पण भाषा शाळेतच शिकावी लागते हे मला मान्य नाही. मी ती कामावर शिकलो.

तरुणपणी मी मुंबईत धारावीजवळच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. आजूबाजूला तमिळ वस्ती, त्यामुळे तमिळ पिक्चर लागायचे. त्यातला एक तर अकरा आठवडे जागचा हलला नाही. ब्लॅक अँड व्हाइट, सोळा रिळांचा. दोन भाऊ, एक जमीन, धाकट्याची विधवा बायको, तिचा मुलगा, आणि थोरल्याचं भलंमोठं घर. बायका येताना दोन-दोन रुमाल आणायच्या आणि जाताना पदर पिळत जायच्या.

केबिनमध्ये पिक्चर दाखवायच्या मशिनी दोन असतात. एकीवरचं रीळ संपत आलं की दुसरी चालू करायची आणि नेमक्या क्षणी दांडा ओढून या मशीनवरून त्या मशीनवर जायचं. अर्धा सेकंद चुकला की पडदा पांढरा, आणि पब्लिक खुर्च्या वाजवायला लागतं. वेळ कळावी म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका येतो. पण आमची प्रिंट इतकी झिजलेली, की तिच्यात सगळीकडे ठिपकेच होते. मग मी कानाने काम केलं. प्रत्येक रिळाचं शेवटचं वाक्य पाठ केलं. ते वाक्य आलं की हात दांड्यावर.

रीळ चालू असताना मी आधीचं रीळ गुंडाळायचो, दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या सरकवायचो, मशीन पुसायचो. भोकातून पडदा बघायचो तो शेवटच्या अर्ध्या मिनिटापुरता. म्हणजे त्या पिक्चरचे पंधरा शेवट मला तोंडपाठ होते. (सोळाव्या रिळाच्या शेवटी बोलायला कोणी उरतच नसे. असं का, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.) अर्थ कोणाला विचारला नाही. विचारायचं कशाला? चेहरे दिसत होते ना. थोरला भाऊ उंबऱ्यात उभा राहून, हात जोडून, हसून काहीतरी म्हणतो. म्हणजे काय म्हणत असेल? या, आपलंच घर आहे. पुतण्याला पानावर बसवून स्वतःच्या हाताने वाढतो आणि काहीतरी म्हणतो. म्हणजे काय? पोटभर जेव. आई मुलाच्या कपाळाला टिळा लावते, डोळ्यांत पाणी, ओठ थरथरतात. म्हणजे आशीर्वाद. याला शब्दकोश लागत नाही.

माटुंग्यातल्या एका इडलीवाल्याला एकदा त्यातलं जेवणाचं वाक्य ऐकवलं होतं. तो हातातला चमचा ठेवून आतल्या खोलीत गेला, तो बाहेर आलाच नाही. मला वाटलं, आपली भाषा परक्याच्या तोंडून ऐकून भारावला बिचारा.

पुढे टॉकीज बंद पडलं, मी वायरमन झालो, मुलगा शिकला, इंग्लंडला आला, आणि म्हातारपणी त्याने आम्हा दोघांना लंडनच्या कडेला, पिनरला आणून ठेवलं. तमिळची गरज पन्नास वर्षांत पडली नाही. पडली ती इशामुळे.

इशा माझी नात. इथेच जन्मली. मराठी बोलते, पण तिच्या मराठीत टेबल बायको असतं आणि बायको टेबल असतं. तिचं कार्तिक नावाच्या मुलाशी जमलं. मँचेस्टरचा, मूळचे मदुराईकडचे. मुलगा चांगला. माझ्याशी बोलताना हात मागे बांधून उभा राहतो. त्याचे आईवडील दोघंही हॉस्पिटलात, दोघांनीही आनंदाने हो म्हटलं. आमच्या घरी तर नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता, कारण संजय (माझा मुलगा) बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि घरी आल्यावर बोलत नाही, आणि सूनबाईने, म्हणजे मधुराने, साड्या बघायला आधीच सुरुवात केली होती.

अडलं एका म्हातारीपाशी. कार्तिकची आजी. तमिळमध्ये आजीला पाट्टी म्हणतात. वय चौऱ्याऐंशी. तिला इंग्रजी येत नाही, हिंदी येत नाही, आणि तिने नाही म्हटलं. कार्तिक तिच्या हाताखाली वाढलेला. तिचा नकार असेल तर लग्न करणार नाही, असं त्याने इशाला सांगून टाकलं.

इशा स्वयंपाकघरात केटलसमोर उभी राहून रडत होती. केटल उकळून बंद झाली तरी ही तिथेच.

"पाट्टी म्हणाला, आय हॅव नथिंग अगेन्स्ट द गर्ल," इशा नाक पुसत म्हणाली. "पण त्या घरात मी कोणाशी बोलू? माझा स्वतःचा घरात पण सगळे इंग्लिश बोलतात. तिकडे गेला की मी सोफा होणार. ओन्ली दॅट. आजोबा, तिचा फक्त एक कंडिशन आहे. त्या घरात एक माणूस पाहिजे जो माझ्याशी बोलेल."

आता, मला नातीचं रडणं बघवत नाही. आणि ती म्हातारी म्हणते ते मला कळत होतं. मी दर आठवड्याला ड्राइव्हवेच्या टोकाला उभा राहून कौन्सिलच्या कचऱ्याच्या गाडीला हात करतो. का, तर तो ड्रायव्हर मला 'मॉर्निंग' म्हणतो. आठवडाभरात बाहेरच्या माणसाशी माझं तेवढंच बोलणं.

"मी आहे की," मी म्हटलं.

"तुम्ही काय आहात?" ही म्हणाली. (ही म्हणजे आमची सुमन. छप्पन्न वर्षांचा संसार.)

"मला तमिळ येतं."

"अहो, तुम्हाला मराठी तरी धड कुठे येतं? त्या दिवशी डॉक्टरने विचारलं कुठे दुखतं, तर तुम्ही 'बघा तुम्हीच शोधा' म्हणालात."

"ती त्याची परीक्षा होती."

"बाबा, नक्की येतं ना?" मधुराने विचारलं. "म्हणजे, बोलण्याइतकं?"

"अकरा आठवडे, रोज तीन खेळ," मी म्हटलं. "हिशोब करा."

कोणी केला नाही. इशाने मला मिठी मारली आणि लगेच कार्तिकला फोन लावला. तिकडे कार्तिकने पाट्टीला सांगितलं, की पिनरच्या घरात एक आजोबा आहेत आणि ते तमिळ बोलतात. तिने तीनदा विचारलं म्हणे, खरंच का. मग म्हणाली, बघून येते.

शनिवारी दुपारी जेवायला यायचं ठरलं.

त्या चार दिवसांत मी सराव केला. बागेत, शेडच्या मागे उभा राहून. पंधरापैकी तीन वाक्यं निवडली: दारातलं, पानावरचं, टिळ्याचं. पाहुणे येतात, जेवतात, आशीर्वाद घेऊन जातात. एका भेटीला आणखी काय लागतं? शेजारच्या बाईंनी कुंपणावरून एकदा विचारलं, सगळं ठीक आहे ना. मी त्यांनाही दारातलं वाक्य ऐकवलं. त्या 'लव्हली' म्हणाल्या.

शनिवारी एक वाजता कार्तिकची गाडी दारात आली. मोटरवेवर चार तास काढून म्हातारी खाली उतरली ती ताठ. लहानशी, कांजीवरम नेसलेली, वरून कार्तिकचा जाड कोट, पायात मोजे आणि चपला. तिने घराकडे पाहिलं, आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, आणि मग माझ्यावर नजर ठेवली. त्या नजरेत काय होतं ते मी ओळखलं. दूरच्या गावाला एसटीतून उतरल्यावर आपल्याला घ्यायला कोणी आलंय का, असं माणूस बघतं, तशी ती बघत होती.

मी उंबऱ्यात पुढे झालो. हात जोडले. पिक्चरमधला थोरला भाऊ हसायचा तसं, थोडं डोकं कलतं करून हसलो. आणि म्हणालो,

"वांगो, वांगो. इंद वासप्पडिय ताण्डिनवंग यारुम उयिरोड तिरुंबिनदिल्ल."

एकही अक्षर चुकलं नाही. आवाजसुद्धा तोच.

(अर्थ मला दीड तासाने कळला, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. 'या, या. हा उंबरा ओलांडून गेलेलं कोणीही जिवंत परत आलेलं नाही.')

पाट्टीने उजवं पाऊल उचललेलं होतं. ते तिने परत खाली ठेवलं.

कार्तिकचा चेहरा मी बघितला. पांढरा पडला होता. मला वाटलं, मोटरवे लागला. तो आजीच्या कानाशी वाकून भरभर काहीतरी बोलला. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली, मग एकदा इशाकडे बघितलं, आणि आत आली. चपला मात्र तिने काढल्या त्या तोंडं बाहेरच्या बाजूला करून, एकीशेजारी एक.

"कसं झालं?" इशा माझ्या कानात कुजबुजली.

"फर्स्ट क्लास. शब्द सुचेना तिला."

"कार्तिक, आजोबा मस्त बोलला ना?"

"व्हेरी," कार्तिक म्हणाला. "व्हेरी फ्लुएंट."

आता इथे त्या पोराला दोष देऊ नका. मोठ्या माणसाला त्याच्या दारात उभं राहून चूक सांगायची नाही हे त्याच्यावर लहानपणापासून बिंबवलेलं. आमच्याकडेही तेच. त्या दुपारी त्या घरात एक माणूस जरी उद्धट असता तरी सगळं निभावलं असतं. पण सगळे सुसंस्कृत निघाले.

मधुराने पुरणपोळी केली होती, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, कुरडया. पाट्टीच्या समोर मला बसवलं होतं, मी बोलणार म्हणून. ती मुकाट्याने पानाकडे बघत होती. मग एक तुकडा मोडून तोंडात घातला आणि तिचा चेहरा जरा सैल झाला. दुसरा तुकडा घेतला. तिने मधुराकडे बघून मान हलवली. मधुराचे डोळे लगेच भरले. इशा टेबलाखाली माझा गुडघा दाबत होती.

मला वाटलं, हाच क्षण.

मी उठलो, तुपाची वाटी घेतली, तिच्या पोळीवर स्वतःच्या हाताने धार धरली, आणि अगदी मायेने, हळू आवाजात म्हणालो,

"इदुदान उनक्कु कडैसि साप्पाडु."

(हे तुझं शेवटचं जेवण. आणि तेही 'तू' म्हणून. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला.)

म्हातारीचं चघळणं थांबलं. तोंडातला घास तिथेच. कार्तिकचा चमचा खाली पडला, तो उचलायला हा टेबलाखाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही.

मग पाट्टीने एक गोष्ट केली. तिने माझ्या डोळ्यांत बघत आपलं ताट उचललं, माझ्यासमोर ठेवलं, आणि माझं ताट आपल्याकडे ओढून घेतलं.

"बघ," मी हिला म्हटलं. "ताट बदललं. आपल्याकडे सख्ख्या बहिणी करत नाहीत एवढं."

"ती घाबरलेली दिसतेय हो," ही म्हणाली.

"भारावलीय."

"भारावलेलं माणूस दुसऱ्याला आधी खाऊ देऊन बघत बसत नाही."

खरंच ती बघत होती. मी तिच्या ताटातला पहिला घास घेतला, गिळला, तोपर्यंत तिने आपल्या ताटाला हात लावला नाही. संजयच्याही लक्षात आलं. तो त्या दिवशीचं पहिलं वाक्य बोलला: "बाबा, तुम्ही जरा कमी बोला."

मुलाने बापाला असं सांगावं? मला राग आला. जेवण मी तिरमिरीतच संपवलं.

जेवणं होताच पाट्टी उठली. कार्तिकला काहीतरी म्हणाली आणि कोट मागितला. चार तास गाडीत बसून आलेली बाई, अजून चहाही झाला नव्हता. मला शब्द कळला नाही, पण अर्थ आंधळ्यालाही कळला असता. इशा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं, असा चेहरा.

"अहो, काय बोललात तुम्ही तिला?" ही माझ्या दंडाला धरून म्हणाली. "खरं सांगा."

"चांगलंच बोललो."

"मग पोरीचं तोंड असं का?"

तेव्हा पहिल्यांदा मला शंका आली. पण माझा स्वभाव असा, की चूक झाल्यासारखं वाटलं की मी तेच काम दुप्पट जोरात करतो. वायरमन असतानाही फ्यूज उडाला की मी आधी तोच परत बसवून बघायचो.

मधुराने देवापुढे निरांजनाचं तबक तयार करून ठेवलं होतं, कार्तिकला ओवाळायला. मी ते उचललं.

"बाबा, ते आईंना करू द्या ना," मधुरा म्हणाली.

"थांब तू."

कार्तिकने एका हातात आजीचा कोट धरला होता. मी त्याला उभं केलं, अंगठा कुंकवात बुडवला आणि त्याच्या कपाळावर खालून वर असा टिळा ओढला. आई ओढायची तसा. माझे डोळे भरले होते, ते मात्र खोटं नव्हतं. मी म्हणालो,

"पळिक्कु पळि. रत्तत्तुक्कु रत्तम."

(सुडाला सूड. रक्ताला रक्त.)

कार्तिक माझ्याकडे बघत उभा राहिला. अंगठा जरा जास्तच बुडला होता, कुंकू त्याच्या नाकावरून खाली ओघळलं. मोकळ्या दारातून रस्त्यावरच्या गाडीचा आवाज आला, गेला.

आणि मागून एक आवाज आला. बारीक, लहान मुलासारखा.

"अम्मा, पसिक्कुदु."

माझा उजवा हात वर गेला आणि मी हवेत दांडा खाली ओढला.

मी ओढला नाही, हातानेच ओढला. नवव्या रिळाचा शेवट तो टिळा, आणि दहाव्याची सुरुवात ही. टिळा लावून घेतलेला मुलगा आईला म्हणतो ते वाक्य. तेवढं ऐकू आलं, की मशीन नीट बदलली, पब्लिक खुर्च्या वाजवणार नाही, आता श्वास सोडायचा. पन्नासहून जास्त वर्षांनी मी पिनरच्या हॉलमध्ये उभा राहून श्वास सोडला.

मागे वळलो. ते वाक्य पाट्टीने म्हटलं होतं. तिने एक हात तोंडावर घेतला होता आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. मग हात खाली आला. ती हसत होती. इतकी हसत होती, की मधुराने धावत खुर्ची आणली. ती बसली, माझ्याकडे बोट दाखवलं, काहीतरी म्हणाली, पुन्हा हसली, पदराने डोळे पुसले, आणि मग खरोखरीचं थोडं रडलीही.

"कार्तिक, काय म्हणतेय ती?" इशाने विचारलं. "प्लीज, सांग ना."

कार्तिकने खिशातून रुमाल काढून नाक पुसलं. "ती विचारतेय," तो इंग्रजीत सांगत होता आणि इशा आम्हाला मराठीत, "आजोबांनी ती पिक्चर किती वेळा बघितली?"

"बघितली नाही," मी म्हटलं. "चालवली."

मग सगळं निघालं. मी केबिन सांगितली, दोन मशिनी, दांडा, शेवटचं वाक्य. इशा सांगत होती, कार्तिक सांगत होता, आणि म्हातारी खुर्चीत पुढे सरकत होती. आणि मग कार्तिकने, जमिनीकडे बघत, माझ्या तीन वाक्यांचे अर्थ सांगितले. एकेक करून.

मी बसलो.

ही काही बोलली नाही. छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा हिला बोलायला इतकं मिळालं होतं आणि ही काही बोलली नाही. त्यावरून माझी अवस्था काय दिसत असेल ते समजा.

"म्हणजे तो इडलीवाला," मी एवढंच म्हणालो.

तिकडे पाट्टी सांगत होती. मदुराईजवळच्या गावात तंबूत हा पिक्चर यायचा. तिच्या नवऱ्याने तिला सात वेळा नेलं. तो गडी कणखर, बापाच्या मयतीला रडला नाही, पण टिळ्याच्या सीनला दर वेळी रडायचा. मग त्याला हसवायला म्हणून ती पुढचं वाक्य त्या मुलाच्या आवाजात त्याच्या कानात म्हणायची. अम्मा, भूक लागली. तो रडता रडता हसायचा. नवरा गेल्याला अठरा वर्षं झाली. ते वाक्य तिने त्यानंतर म्हटलं नव्हतं. म्हणायला पुढ्यात आधीचं वाक्य म्हणणारं कोणी नव्हतं.

"मी मूर्ख आहे," मी इशाला म्हटलं. "सांग तिला. मला पंधरा वाक्यं येतात, ती सगळी असलीच असणार, आणि मी तुझ्यासाठी खोटं बोललो. दोष माझा. पोरीला त्यात धरू नका म्हणावं."

'दोष माझा' हे वाक्य मी आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. मुकादमाला नाही, हिला तर नाहीच.

इशाने सांगितलं. अर्धं झाल्यावर पुढचं कार्तिकने पुरं केलं. पाट्टीने ऐकून घेतलं आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"ती म्हणते," कार्तिक म्हणाला आणि स्वतःच लाजला, "या घरात एका माणसाला पंधरा वाक्यं येतात. मँचेस्टरच्या घरात माझ्याशी दिवसभरात दहा बोलली जातात, आणि त्यात तीन वाय-फायबद्दल असतात. म्हणजे हे घर पुढे आहे."

मधुरा हसायला लागली. संजयसुद्धा हसला, बँकेत हसतात तसा, आवाज न करता.

"म्हणजे हो?" इशाने विचारलं. "पाट्टी, इज दॅट अ यस?"

म्हातारीने बोट वर केलं. अजून संपलं नव्हतं. ती माझ्याकडे वळून, थेट मला, सावकाश तमिळमध्ये बोलली, जसं काही मला कळणारच आहे. मग कार्तिककडे मान केली.

"ती म्हणते, तुम्हाला फक्त रिळांचे शेवट येतात. घर शेवटांवर चालत नाही, मधल्यावर चालतं. मधलं शिका. ज्या दिवशी तुम्ही तिला विचाराल, जेवलात का, आणि ती काय जेवली ते सांगेल, आणि तुम्हाला कळेल, त्या दिवशी तारीख काढायची."

"आणि नाही शिकलो तर?"

हे मात्र पाट्टीला भाषांतराशिवाय कळलं. तिने दाराकडे, बाहेर तोंड केलेल्या आपल्या चपलांकडे बोट दाखवलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एका पोरीचं लग्न, सूनबाईच्या साड्या, हॉल, पाहुणे, सगळं येऊन माझ्या जिभेवर बसलं. आणि ती जीभ कसली, हे आता सगळ्यांना माहीत होतं.

"अहो, जमेल का?" ही म्हणाली. टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

"चहा टाक," मी म्हटलं. पाट्टी संध्याकाळपर्यंत थांबली. आम्ही दोघं कन्झर्व्हेटरीत, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीत, समोरासमोर बसलो आणि मी गप्प बसलो. माझं ते गप्प बसणं तिला फार आवडलं, असं कार्तिकने नंतर कळवलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी साडेनऊला, इशा मला गाडीतून इथल्या तमिळ शाळेत घेऊन गेली. एका प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी भरते. आधी शाळेच्या दारात मी थोडा अडून बसलो, सीटबेल्ट निघत नाही म्हणून. तो निघत होता. इशाने फॉर्म भरला. पालक म्हणून तिने सही केली. विद्यार्थ्याचं वय लिहिलं एकोणऐंशी, तर बाईंना वाटलं हात घसरला. त्यांनी नऊ खोडला, उरला सात. म्हणून मला सगळ्यांत लहान वर्ग मिळाला, पाच ते सातचा, आणि बसायला लाल रंगाची एक खुर्ची, जिच्यात मी बसलो तेव्हा माझे गुडघे माझ्या कानांपाशी आले. बारा वाजता शाळा सुटली. सगळ्यांचे पालक आले. माझे पालक पेट्रोल भरायला गेले होते, त्यांना उशीर झाला. शेवटी हॉलमध्ये मी आणि पाच वर्षांची एक मुलगी, दोघंच उरलो. ती रडायला लागली. मी रडलो नाही. पण बाईंनी तिला गप्प करायला बिस्कीट दिलं, आणि मला विचारलं, तुलाही हवं का, तेव्हा मी हात पुढे केला.